चांदरी शैलसमूह

"या वाडीचं नाव काय?" हळबे सरांनी विचारलं.

बांबूंची मोळी बांधावर टेकवून श्वास घेत उभ्या असलेल्या माणसाने आधी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आमच्या हातांतल्या हातोड्यांकडे.

"माझा नाव पुंडलिक गवस."

"बरं. आणि वाडीचं?"

"वाडीच म्हणतत."

"कुठली वाडी?"

"हीच," असं म्हणून त्याने मोळी उचलली आणि आमच्याशी बोलणं पूर्ण झाल्यासारखा तो चालू लागला.

सरांनी घड्याळ पाहिलं. "पोतनीस, पुढे विचारू."

पुढे विहिरीवर दोघीजणी होत्या. एक म्हणाली, पलतडी, ओढ्यापलीकडे विचारा. दुसरी म्हणाली, ती हल्लीच लग्न होऊन आली आहे. तिच्या कडेवर मूल होतं आणि पायाशी दुसरं. पलतडी एक म्हातारा माडाची चुडतं विणत बसला होता. तो म्हणाला, नाव होतं, पण आता आठवत नाही. हे त्याने इतक्या सहजपणे सांगितलं की सरांनी त्याला "आठवलं तर सांगा" असं म्हटलं आणि नमस्कार केला.

ही गोष्ट एकोणीसशे पंच्याऐंशीच्या जानेवारीतली. दोडामार्गच्या रानात, गोव्याच्या हद्दीपासून फार लांब नसलेल्या एका वाडीतली. मी तेव्हा कोल्हापूरला डॉ. दिगंबर हळबे यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. सर त्याच मे महिन्यात निवृत्त होणार होते. त्यांनी अर्धं आयुष्य एकाच दगडात घातलं होतं. दगड म्हणजे दोन दगडांची जोडी: एक पाटीचा दगड, शाळेत आपण ज्यावर लिहायचो तो, आणि दुसरा ग्रेवॅक. ग्रेवॅक म्हणजे वाळू, चिखल आणि खडकांचे बारीक कपचे एकत्र घट्ट होऊन बनलेला मळकट करडा खडक. एका थरावर दुसरा, पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा, असे शेकडो थर. एकेकाळच्या समुद्राच्या तळाशी साचलेले, मग दाबले गेलेले, मग उभे केले गेलेले.

या दगडाबद्दल दोन गोष्टी ठरायच्या होत्या. त्याचं वय आणि त्याचं नाव.

वयाचा वाद जुना होता. आसपास ग्रॅनाइट आहे. हैदराबादच्या एका मोठ्या विद्वानांचं म्हणणं, ग्रॅनाइट आधीचा आणि आपले हे थर त्याच्यावर नंतर साचलेले, म्हणजे तसे तरुण. सरांचं म्हणणं उलटं. थर आधीचे, ग्रॅनाइट नंतर खालून वितळलेल्या रूपात त्यांच्यात घुसला. दोघांकडेही पुरावा नव्हता, त्यामुळे दोघेही ठाम होते.

नावाचं मात्र सोपं असतं. जिथे ते थर सर्वांत स्वच्छ दिसतात, त्या जागेचं नाव खडकाला द्यायचं. माणसाचं द्यायचं नाही, देवाचं द्यायचं नाही. जागेचं, आणि तेही तिथल्या लोकांच्या तोंडी असलेलं. असा नियम आहे, आणि सर नियमाने चालणारे. सर्वांत स्वच्छ थर या वाडीखालच्या ओढ्यात होते. नकाशावर त्या जागी तीन काळे ठिपके होते, म्हणजे घरं. नाव छापलेलं नव्हतं.

आमचा मुक्काम वाडीतल्या शाळेच्या पडवीत होता. गुरुजी ट्रेनिंगला गेले होते. शाळेवर पत्र्याची पाटी होती: "जिल्हा परिषद प्राथमिक शाळा", आणि पुढे डांबराचा जाड पट्टा फासलेला. सरांनी त्या पट्ट्याकडे बराच वेळ पाहिलं.

"गळती असेल," मी म्हणाले.

"पाटीला?" सर म्हणाले.

आमच्या जेवणाची सोय सत्यवतीकाकींकडे होती. पन्नाशीच्या, उंच, कपाळावर जुन्या कसल्याशा जखमेची खूण. वाडीत कुणाचं काही अडलं की त्यांच्याकडे जायचं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं, कारण प्रत्येकाने आम्हाला शेवटी तिथेच पाठवलं. त्या सरांना मास्तर म्हणत आणि मला बाय.

"काकी, या वाडीचं नाव काय हो?" पहिल्या जेवणालाच मी विचारलं.

"तुका निवटी आवडतत?" त्या म्हणाल्या.

मला निवटी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ते मासे निघाले आणि आवडले. प्रश्न तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओढ्यात उतरलो. पाण्याने घासून थर असे लख्ख झाले होते की सर पहिला तासभर नुसते त्यांवर हात फिरवत चालले. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक खोल डबकं होतं. तिकडे कोंड म्हणतात. कोंडीच्या एका बाजूला आमचे थर, दुसऱ्या बाजूला ग्रॅनाइट. म्हणजे दोघांची भेट कोंडीच्या काठावर, पाण्याच्या रेषेपाशी. तीस वर्षांचा वाद मिटवायचा तर तिथे.

तिथे एक म्हैस बसली होती.

नेमकी तिथे. पाठ ग्रॅनाइटला, पोट पाटीच्या दगडाला, मान पाण्याबाहेर. तिने आमच्याकडे पाहिलं आणि एक कान हलवला.

"हुसकू का?" मी विचारलं.

"नको. तिची जागा आहे."

आम्ही थांबलो. सरांनी डबा उघडला, बंद केला. मी खालच्या थरांची मापं घेतली. परत आले तरी म्हैस तिथेच. दुपारी काकी धुणं घेऊन आल्या तेव्हा सरांनी त्यांना अतिशय अदबीने विचारलं, "ही साधारण कधी उठते?"

"उठतली तेवां उठतली."

"रोज इथेच बसते?"

"मगे खंय जातली?"

सर पुन्हा खडकावर बसले. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, हे मी सांगून टाकते. निवृत्तीला चार महिने राहिलेला माणूस, आयुष्यभराचा प्रश्न हातभर अंतरावर, आणि तो म्हशीची वाट बघतोय. पण ऊन उतरलं तशी ती आपण होऊन उठली, अंग झाडून आम्हाला भिजवलं आणि चढण चढून गेली.

सर वाकले. जिथे तिची पाठ टेकली होती तिथे शेवाळ नव्हतं. वर्षानुवर्षांच्या घासण्याने खडक आरशासारखा झाला होता. आणि तिथे, गुलाबीसर ग्रॅनाइटच्या पोटात, चहूबाजूंनी बंद झालेला पाटीच्या दगडाचा एक काळा तुकडा होता. हाताच्या पंज्याएवढा, कडा भाजलेल्या.

सर बूट-मोज्यांसकट पाण्यात बसले. कमरेपर्यंत पाणी.

"पोतनीस, इकडे या. मला काय दिसतंय ते तुम्हाला दिसतंय का, ते मला न विचारता सांगा."

मी सांगितलं. सरांनी चष्मा काढून पुसला. पुसायला त्यांच्याकडे कोरडं असं काही नव्हतं, त्यामुळे तो आणखी ओला झाला. तो त्यांनी तसाच डोळ्यांवर लावला आणि तसेच बसून राहिले.

"काय गावला?" काकींनी धुणं आपटणं थांबवून विचारलं.

मी त्यांना दाखवलं. म्हटलं, "काकी, गुळाचा पाक केला आणि थिजल्यावर त्यात खोबऱ्याचा कपचा अडकलेला दिसला. तर आधी काय होतं, पाक की खोबरं?"

"खोबरा."

"तसंच. हा गुलाबी दगड पाक. हा काळा खोबरं."

"ह्या सांगूक कोल्हापुरासून इलात?"

"हो," सर पाण्यातून म्हणाले.

काकी हसल्या नाहीत. त्यांनी पिळे खांद्यावर टाकले. "वय किती ह्या काळ्याचा?"

"गुलाबीचं वय प्रयोगशाळेत काढता येईल," सर म्हणाले. "माझा अंदाज अडीचशे कोटी वर्षं. काळा त्याच्याही आधीचा."

"म्हंजे आमच्या आदी."

"सगळ्यांच्या आधी. झाडांच्या, माशांच्या. आधी म्हणजे फारच आधी."

"आणि आता तेका नाव व्हया."

"हो. जागेचं. म्हणून तर विचारतोय."

काकी एका दगडावर बसल्या. वाडीत आल्यापासून त्या आमच्यासमोर पहिल्यांदाच बसत होत्या.

"मास्तर, वरच्या गावात असोच एक सायब इलो होतो. हातात असोच हातोडो. चांगलो माणूस. चा पिलो, पोरांका गोळये दिल्यान. जाताना गावाचा नाव इचारल्यान, लोकांनी सांगल्यानी. नाव सांगूक काय जाता? दोन वर्सांनी फळो लागलो. गावाचा नाव आणि फुडे 'खाण'. आता थंय शेतात तांबडो चिखल. भात होणा नाय. माझा म्हायार ता."

सर पाण्यातून उठले. "आमचा खाणीशी संबंध नाही, सत्यवतीबाई. आम्ही इथून काही नेणार नाही. फक्त नाव."

"तेना पण तेवढाच नेल्यान."

सर काठावर येऊन ओले बूट काढू लागले.

"अडीचशे कोटी वर्सां बिननावाचो रवलो ना?" काकी उठत म्हणाल्या. "मगे आताच कित्याक अडला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सर म्हणाले, "पत्रिकेचे संपादक नावाशिवाय लेख घेत नाहीत." हे त्यांनी मला सांगितलं की स्वतःला, ते कळलं नाही. मला माझी काळजी होती. लेख नाही तर माझा प्रबंध नाही, आणि घरी माझ्यासाठी एक स्थळ पाहून ठेवलेलं होतं.

मी म्हणाले, "सर, तालुक्याला जाऊन तलाठ्याला विचारलं तर पाच मिनिटांत कळेल."

"कळेल."

"मग?"

"मग काय? पाच मिनिटांत कळेल, एवढंच." आणि ते हातोडा घेऊन ओढ्याकडे निघाले.

तलाठ्याकडे जाण्याची गरजच पडली नाही. त्याच दिवशी आम्ही नमुन्यांच्या पिशव्या सडकेवर ठेवायला गेलो होतो. एसटी थांबायची तिथे सावलीला पिशव्या लावत होतो, तेवढ्यात सडकेने एक माणूस चालत आला. पांढरी पँट, काखेत मिठाईचं खोकं, पायांत नवे चावरे बूट. जावई असावा, आणि वाटेत कुठेतरी त्याचं थोडं आदरातिथ्य झालेलं असावं.

"अहो," तो मोठ्याने म्हणाला, "अमुक गावाक जावची वाट हीच मां?"

अमुक तो म्हणाला नाही. तो नाव म्हणाला. स्वच्छ, खणखणीत, तीन अक्षरी. ज्या नावासाठी आम्ही आल्यापासून दारोदार फिरत होतो, ते त्याने रस्त्यात आमच्यापुढे टाकलं.

माझ्या हातातली पिशवी सुटली.

सर वळले. "माफ करा, आम्ही इथले नाही," ते म्हणाले. "पण वाडी अशी एकच आहे. या पायवाटेने खाली."

माणूस गेला. मी सरांकडे पाहिलं. "सर! नाव मिळालं."

"कसलं नाव?"

"आत्ता तो म्हणाला ते."

"मला नीट ऐकू आलं नाही," सर म्हणाले. त्यांचा चेहरा परीक्षेच्या हॉलमध्ये फिरताना असायचा तसाच होता. "तुम्हाला आलं?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. माझा प्रबंध, घरचं स्थळ, हैदराबादचे विद्वान, सगळं त्या दोन शब्दांच्या प्रश्नात उभं होतं. सरांना घाई नव्हती. म्हशीपाशी थांबले होते तसेच ते थांबले.

"गाडीचा आवाज होता, सर," मी म्हणाले.

त्या सडकेवर सकाळपासून एकही गाडी गेलेली नव्हती.

"हो," सर म्हणाले. "फार आवाज होता."

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही कोंडीवर शेवटचे फोटो काढायला गेलो. म्हैस आपल्या जागी होती. काकी तिच्या पाठीवर पाणी मारत होत्या. पुंडलिक गवस काठावर विडी ओढत बसला होता. नाव न सांगता आमच्यावर लक्ष ठेवायचं काम बहुधा त्याच्याकडे दिलेलं होतं.

"सत्यवतीबाई," सर म्हणाले, "म्हशीचं नाव सांगायला हरकत आहे का?"

काकींनी हात थांबवला. पुंडलिककडे पाहिलं. पुंडलिकने विडी काढून विचार केला आणि मान हलवली.

"चांदरी," काकी म्हणाल्या.

"किती वर्षं बसते ही इथे?"

"जलमापासून. हिच्या आदी हिची आवस बसा. तीय चांदरीच. तिच्या आदी..."

"तीही चांदरी?"

"मगे? कपाळार चांद आसा तां सगळ्यांका."

सर माझ्याकडे वळले, वर्गात वळत तसे. "पोतनीस, नियम काय सांगतो? नाव जागेचं असावं, त्या जागेशी कायम जोडलेलं असावं, आणि तिथल्या लोकांच्या वापरात असावं. तीन पिढ्या एकाच ठिकाणी बसणं, याला कायम म्हणता येईल?"

"माझ्या मते येईल, सर."

"मग या कोंडीला चांदरीची कोंड म्हणायला हरकत नसावी. पुंडलिकराव, तुम्ही काय म्हणता?"

"काय म्हणू?"

"चांदरीची कोंड."

"चांदरीची कोंड," पुंडलिक संशयाने म्हणाला.

"सत्यवतीबाई?"

"चांदरीची कोंड," काकी म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून अशा हसल्या की म्हैसही दचकली. आम्ही आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"आलं वापरात," सर म्हणाले.

प्रयोगशाळेतून ग्रॅनाइटचं वय आलं ते सरांच्या अंदाजापेक्षा थोडं जास्तच आलं. लेख छापून आला: पाटीचा दगड आणि ग्रेवॅक यांचा चांदरी शैलसमूह, वय अडीचशे कोटी वर्षांहून अधिक. छापण्याआधी एका परीक्षकाने हरकत घेतली होती की चांदरी नावाचं ठिकाण नकाशात सापडत नाही. सरांनी उत्तर पाठवलं, नकाशा जुना आहे. हैदराबादच्या विद्वानांनी पुढच्या परिषदेत उभं राहून आपलं मत मागे घेतलं, आणि चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन विचारलं, चांदरीला राहायची सोय कशी आहे? मी म्हटलं, पाण्याची सोय चांगली आहे.

मला पदवी मिळाली. स्थळ दुसरीकडे गेलं. सर निवृत्त झाले आणि सांगलीत मुलीकडे राहायला गेले. त्या वाडीबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. एक-दोनदा मी विषय काढला, तर ते म्हणायचे, "थरांचा चांगला छेद होता तो," आणि चहा मागवायचे.

मी पुन्हा त्या वाडीत गेले ते पुष्कळ वर्षांनी. बरोबर कुणाला नेलं नाही. शाळा आता सिमेंटची होती, पाटी नवी होती, आणि तिच्यावर डांबराचा पट्टाही नवा होता. सत्यवतीकाकी काठी घेऊन चालत होत्या. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"बाय! तुझो दगड बरो आसा," त्या म्हणाल्या.

पुंडलिकला बोलावणं गेलं. तो आला, बसला, आणि काकींनी त्याला "तां सांग" म्हणून खूण केली. गेल्या उन्हाळ्यात म्हणे एक जीप आली होती. आत तिघे, हातात छापील कागद. चांदरी कुठे आहे, असं विचारत वाडीभर फिरले. या थरांजवळ लोखंड असतं, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. विहिरीवरच्या बायकांनी सांगितलं, त्या नावाचं गाव इथे नाही. म्हाताऱ्यांनी सांगितलं, नाही. पुंडलिकने देवळाच्या पायरीवर हात ठेवून शपथेवर सांगितलं, आपल्या जन्मात असं गाव ऐकलेलं नाही.

"खराच सांगलंय," तो म्हणाला. "पयल्यांदाच."

"मग?"

"ते आयकणत नाय. म्हणाले, आमच्याकडे छापील आसा, चांदरी दाखव. मगे दाखवलंय. गोठ्यात नेलंय आणि म्हटलंय, ही बगा."

"काय म्हणाले?"

"एकान फोटो काढल्यान. दुसरो माका शियो घालूक लागलो. मगे गेले." त्याने विडी पेटवली. "परत येतले."

"येतले," काकी म्हणाल्या. "तेवां बगू. मास्तरांका सांग हां ह्या. खूश होतले."

मी सांगितलं की सर दोन वर्षांपूर्वी गेले.

काकींनी काठी मांडीवर आडवी ठेवली. पुंडलिकने विडी विझवली. अंगणात एक कोंबडी उगाच इकडून तिकडे फिरत होती.

"तेंचा गाव खंयचा?" काकींनी विचारलं. "कधी बोलले नाय ते."

सर मलाही कधी बोलले नव्हते. नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली काढून मला ते माहीत नव्हतं. सांगलीला त्यांच्या दिवसांना गेले तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाने सांगितलं होतं.

"पाण्याखाली आहे," मी म्हणाले. "सर कॉलेजात होते तेव्हा मोजणीवाले आले. वडील गावचे पाटील होते, त्यांनीच सगळी माहिती दिली, घरी जेवायला घातलं. मग धरण झालं. सगळं गाव उठलं, चार दिशांना गेलं. वडील त्यानंतर फार जगले नाहीत."

"नाव काय गावाचा?"

मी नाव सांगितलं.

पुंडलिकने मान वर केली. "ता धरणाचा नाव मां? पेपरात येता पावसात, किती दरवाजे उघडले ता."

"हो," मी म्हणाले. "गाव बुडालं तेव्हा नाव धरणाला दिलं. आधी ते गावाचं होतं."

काकी काठीवर जोर देऊन उठल्या. दारापाशी जाऊन थांबल्या, माझ्याकडे पाठ करून.

"तरीच," त्या म्हणाल्या, आणि पानं घ्यायला आत गेल्या.